जिम्नीला लाँग ट्रॅव्हल सस्पेन्शन: रोजच्या वापरातल्या गाडीवर हे काम कसं करावं

गाडी उंच करणं आणि चाकाला जास्त ट्रॅव्हल देणं ही दोन वेगळी कामं आहेत. गॅरेजमध्ये मात्र दोन्ही सर्रास एकच समजली जातात. स्प्रिंगखाली चाळीस मिलिमीटरचं पॅकिंग टाकलं की गाडी रुबाबदार दिसते, मालक खूश होतो, पण चाकाचा वर-खाली जाण्याचा वाव तसूभरही वाढलेला नसतो. शॉकअप जुनाच असतो. समजा, तो उभ्या गाडीत १०० मि.मी. दबू शकत होता आणि १०० मि.मी. उघडू शकत होता. पॅकिंगनंतर तोच शॉकअप १४० दबतो आणि फक्त ६० उघडतो. म्हणजे खड्ड्यात चाक खाली जायला वाव उरला ६० चा. मग प्रत्येक मोठ्या खड्ड्यात शॉकअप पूर्ण ताणला जातो, आतला पिस्टन टोकाला आपटतो आणि गाडी आधीपेक्षा दणकट होण्याऐवजी दणके देऊ लागते.

हा लेख चाकाला खरोखर जास्त वाव कसा द्यायचा याबद्दल आहे, आणि तोही अशा गाडीत जी सोमवारी सकाळी ऑफिसला जाणार आहे. उदाहरणाला पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी घेतली आहे. जून २०२३ मध्ये ती बाजारात आली. पुढं-मागं सलग एक्सल (म्हणजे दोन्ही चाकं एकाच ताठ दांड्याला जोडलेली), कॉइल स्प्रिंग, शिडीसारखी चासी, वजन साधारण १२०० किलो, व्हीलबेस २५९० मि.मी., ग्राउंड क्लिअरन्स २१० मि.मी. नवख्यासाठी यापेक्षा सरळ रचना आज शोरूममध्ये मिळणं अवघड आहे.

‘लाँग ट्रॅव्हल’ हा शब्द आला कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटी शर्यतींतून. तिथल्या गाड्यांना पुढं स्वतंत्र सस्पेन्शन असतं (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं), त्यामुळं ट्रॅव्हल वाढवायला विशबोन, म्हणजे चाक धरणारे आर्म, लांब करावे लागतात, एक्सलचे शाफ्ट लांब करावे लागतात आणि गाडी दोन्ही बाजूंनी रुंद होते. आपल्याकडे थार (२०२० नंतरची), स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यांच्या पुढच्या चाकांची गोष्ट हीच आहे. तिथं सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) किती कोनात वळू शकतो आणि बॉल जॉइंट कुठं अडकतो हेच ट्रॅव्हलची हद्द ठरवतं. नुसता लांब शॉकअप बसवून काही हाती लागत नाही, जॉइंट मात्र लवकर जातो. रोजच्या गाडीत पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनला मी लाँग ट्रॅव्हलच्या वाटेला नेणार नाही. सलग एक्सलच्या गाडीत मात्र बेताच्या खर्चात, चासी न कापता, चांगला फरक पडतो.

आधी कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या कायद्यात, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कलमातल्या ‘बदल’ या शब्दाचा अर्थ आहे, गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला बदल. म्हणून चासी कापणं, व्हीलबेस हलवणं, एक्सल बदलणं, गाडी रुंद करणं यांच्या वाटेला जाऊच नका. मूळ जागी, मूळ बोल्टांवर बसणारे आणि परत काढता येणारे भाग वापरा. काढलेले मूळ स्प्रिंग, शॉकअप, बुश (सांध्यांमधली रबरी कडी) नीट पुसून, तेलाचा हात देऊन जपून ठेवा. काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. बदल लपवला आणि नंतर अपघात झाला तर दावा अडकू शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ड्राइव्हलाइनच्या तक्रारी पुढं ऐकल्या जातीलच असं धरून चालू नका.

किती हवं ते ठरवा

रोजच्या जिम्नीसाठी माझं मत ठाम आहे: उंची ४० ते ५० मि.मी. च्या वर नेऊ नका आणि शॉकअपचा स्ट्रोक (पूर्ण दबल्यापासून पूर्ण उघडेपर्यंतची हालचाल) मूळपेक्षा ५० मि.मी. वाढला तर पुष्कळ झालं. त्यापुढं प्रत्येक इंचामागं प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद एक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचे) कोन, ब्रेकचे होस, स्टिअरिंगची भूमिती असं एकेक दुखणं मागं लागतं आणि घरच्यांना गाडीत चढताना त्रास होतो तो वेगळाच. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा, पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या, कोकणातल्या जांभ्याच्या पायऱ्या, या सगळ्याला एवढं पुरतं.

उंची आणि ट्रॅव्हल एकमेकांशी कुठं जोडलेले आहेत हे इथंच समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. शॉकअपच्या आत पिस्टन, व्हॉल्व्ह, सील यांना काही ठरावीक जागा लागते. ती दबत नाही. समजा, ती जागा १५० मि.मी. आहे. स्ट्रोक २०० असेल तर बंद लांबी ३५०, उघडी लांबी ५५०. आता स्ट्रोक २५० केला की बंद लांबी होते ४००, उघडी ६५०. म्हणजे स्ट्रोक ५० नं वाढला, पण बंद लांबीही ५० नं वाढली. तोच शॉकअप मूळ उंचीच्या गाडीत बसवला तर चाक वर जाण्याचा वाव ५० नं कमी होतो आणि खाली जाण्याचा १०० नं वाढतो. गाडी ५० नं उचलली की वरचा वाव मूळपदावर येतो आणि खालचा ५० नं जास्त राहतो. लाँग ट्रॅव्हलसोबत थोडी उंची येते ती या हिशेबामुळं. तिच्यामागं दिखाऊपणाचं कारण नाही.

यापुढं चाक वर जाण्याला बंप आणि खाली लोंबण्याला ड्रूप म्हणतो. गॅरेजमध्ये आणि ऑफ-रोडवाल्यांत हेच शब्द चालतात.

मोजमाप: एक पूर्ण दिवस याला द्या

काहीही विकत घेण्याआधी गाडी मोजा. हे काम किटच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचं आहे. सपाट काँक्रीटची फरशी, एक चांगला ट्रॉली जॅक, चासीखाली लावायला चार भक्कम घोड्या, चाकांना लावायला लाकडी ओंडके, टेप, कोन मोजायचं डिजिटल उपकरण, खडू आणि वही एवढं लागतं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. हा नियम मोडायला कुठलंही कारण पुरेसं नाही.

गाडी जमिनीवर असताना टाकी साधारण अर्धी भरा, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवा आणि चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं उभं अंतर लिहून घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की तो आकडा निरुपयोगी होतो. शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर लिहा. पॅनहार्ड रॉड (एक्सल बाजूला सरकू नये म्हणून त्याला चासीशी आडवं जोडणारी दांडी) आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचं वळण चाकांकडे नेणारी दांडी) आडव्याशी किती कोनात आहेत ते लिहा. पुढच्या एक्सलचा कास्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागं झुकलेला कोन) अलाइनमेंटच्या दुकानात मोजून त्याची छापील प्रत घ्या.

मग चासी घोड्यांवर घ्या, चाकं काढा, शॉकअप सोडवा आणि एक्सल जॅकवर तोलून धरत स्प्रिंग बाहेर काढा. जिम्नीच्या स्प्रिंगमध्ये एक्सल पूर्ण खाली गेल्यावर फारसा ताण उरत नाही, तरी स्प्रिंग निसटण्याच्या रेषेत हात आणि चेहरा ठेवायचा नाही. आता एक्सल रिकामा आहे, जॅकवर सहज वर-खाली होतो. इथं खरं शिकायला मिळतं.

जॅक डिफरन्शियलखाली ठेवून एक्सल वीस-वीस मिलिमीटरनं खाली सोडत जा आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून बॅटरीच्या उजेडात बघा. ब्रेकच्या रबरी होसला आधी छान झोल असतो, मग तो सरळ होतो, मग त्याच्या धातूच्या टोकाजवळ रबर किंचित पांढरट पडून ताणलेलं दिसतं. ते दिसलं त्याच्या बरंच आधी थांबायला हवं होतं. तो आकडा लिहा. मग एबीएसची वायर, एक्सलच्या श्वासनळीचा बारीक पाइप, मागं हँडब्रेकची केबल. प्रोपेलर शाफ्ट हातानं फिरवून बघा. क्रॉसचा जॉइंट मोकळा फिरायला हवा, कुठंही टेकता कामा नये. शाफ्टच्या सरकत्या भागावर खडूनं रेघ मारा, म्हणजे आतले खाचांचे दाते किती बाहेर येतात ते कळेल.

आता उलट दिशेनं. एक्सल वर घ्या, बंप स्टॉप (चाक वर येण्याचा रबरी थांबा) पूर्ण दबेल तिथपर्यंत. पुढचं चाक हातानं परत लावून स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवा. टायर रेडियस आर्मला (एक्सलला चासीशी लांबीच्या दिशेनं जोडणाऱ्या दांडीला), इनर लायनरला, बंपरच्या कडेला कुठं घासतो ते बघा. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड एकमेकांना किंवा इंजिनच्या खालच्या भागाला टेकतात का ते बघा. शेवटी एक बाजू वर आणि दुसरी बाजू खाली करून हाच खेळ पुन्हा करा. कच्च्या वाटेवर चाकं जोडीनं फारशी वर जातच नाहीत. एक वर, एक खाली, हीच तिथली नेहमीची स्थिती, आणि सरळ वर-खाली करताना न दिसलेला अडथळा नेमका तेव्हा दिसतो.

दिवसाअखेर तुमच्या वहीत दोन आकडे असतील: प्रत्येक चाक सुरक्षितपणे किती वर आणि किती खाली जाऊ शकतं. शॉकअप या आकड्यांवरून निवडायचा.

रेडियस आर्मचे बुश

जिम्नीत प्रत्येक एक्सलला दोन रेडियस आर्म आणि एक आडवा पॅनहार्ड रॉड असतो. प्रत्येक आर्म चासीला एका बुशनं आणि एक्सलला दोन बुशनं पकडलेला असतो. एक्सल तिरका व्हायला लागला की एक्सलवरचे ते दोन-दोन बुश पिळले जातात, आणि एका मर्यादेनंतर रबर पुढं जाऊ देत नाही. म्हणजे शॉकअप कितीही लांब आणा, एक चाक वर आणि एक खाली जाण्याची शेवटची हद्द बुश ठरवतात.

म्हणून बाजारात मिळणारे पॉलियुरेथेनचे कडक बुश सगळीकडे बसवायचा मोह टाळा. ते रबरापेक्षा कमी पिळले जातात, एक्सलचा तिरकेपणा कमी होतो आणि रस्त्याची थरथर चासीत येते. रबरी बुश ठेवा, फाटले असतील तर मूळ कंपनीचे नवे घ्या. पुढचा स्टॅबिलायझर बारही (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) तिरकेपणाला विरोध करतो. कच्च्या वाटेवर सोडवता येतील अशा लिंक मिळतात, पण डांबरी रस्ता लागताच त्या परत जोडायच्या. न जोडता घाटात वेगानं वळणं म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या जिवाशी खेळणं.

स्प्रिंग

स्प्रिंग निवडताना लोक उंची विचारतात. विचारायला हवा दर, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती न्यूटन लागतात. एका कोपऱ्यावर स्प्रिंगनं पेललेलं वजन २५० किलो धरा, म्हणजे सुमारे २४५० न्यूटन. स्प्रिंग २० न्यूटन प्रति मि.मी. ची असेल तर उभ्या गाडीत ती १२२ मि.मी. दबलेली असते. ३० ची असेल तर फक्त ८२ मि.मी. आता चाक खाली लोंबताना स्प्रिंग जास्तीत जास्त तेवढीच उघडणार. ३० च्या स्प्रिंगवर चाक ८२ मि.मी. खाली गेलं की स्प्रिंगमधला जोर संपला, त्यापुढं ती आपल्या बैठकीत नुसती सैल खुळखुळते आणि चाकावर दाब उरत नाही. लांब ट्रॅव्हलसाठी स्प्रिंग लांब आणि मऊ लागते ती यासाठी. कडक स्प्रिंगनं गाडी उंच होते, पण उघडलेल्या शॉकअपचा अर्धा भाग फुकट जातो.

मऊपणालाही अंत आहे. वरच्याच उदाहरणात २० च्या स्प्रिंगवर गाडीची स्वाभाविक कंपनसंख्या सेकंदाला १.४ च्या आसपास येते, ३० वर १.७ च्या पुढं. पहिली आरामदायक, दुसरी आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर पाठीला जाणवणारी. पण मागं दोघं बसले आणि सामान भरलं, प्रत्येक मागच्या स्प्रिंगवर ८० किलो जादा आलं, तर २० ची स्प्रिंग आणखी ३९ मि.मी. बसते आणि ३० ची २६. कायम सामान आणि माणसं घेऊन फिरणाऱ्यानं मागची स्प्रिंग मधल्या दराची घ्यावी, एकट्यानं फिरणाऱ्यानं मऊ. पुढं लोखंडी बंपर आणि विंच लावायचा विचार असेल तर तो आत्ताच करा, कारण ते वजन सगळं पुढच्या दोन स्प्रिंगवर येतं.

बाहेरच्या देशांतून येणारे बरेचसे किट तीन दारांच्या जिम्नीसाठी बनवलेले आहेत. तिचा व्हीलबेस २२५० मि.मी. आणि वजन कमी. तिची मागची स्प्रिंग पाच दारांच्या गाडीला अपेक्षेपेक्षा कमी उंची देते. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन असे नावाजलेले ब्रँड असले तरी विक्रेत्याला कुठल्या बॉडीसाठी आणि किती दराची स्प्रिंग आहे हे लेखी विचारा. दर सांगता येत नसेल तर तिथून स्प्रिंग घेऊ नका.

शॉकअप, बंप स्टॉप आणि पट्टा

शॉकअपसाठी दोन अटी. चाक पूर्ण वर, बंप स्टॉप पूर्ण दबलेला, अशा वेळी शॉकअपमध्ये अजून १० ते १५ मि.मी. दबायची जागा शिल्लक हवी. आणि चाक पूर्ण खाली असताना तो पूर्ण उघडण्याआधी दुसऱ्या कशानं तरी थांबायला हवं. शॉकअप हा थांबा नव्हे. त्याचं काम हालचाल आवरण्याचं. त्याच्यावर एक्सल लोंबकळत ठेवला की सील फुटतं, वरची माउंटिंग तडकते.

वरचा थांबा म्हणजे बंप स्टॉप. नव्या शॉकअपची बंद लांबी जितकी वाढली तितकं अंतर बंप स्टॉपखाली भरून काढायचं. जवळच्या लेथवाल्याकडून माइल्ड स्टीलचे गोल ठोकळे वळवून, मधोमध भोक पाडून, मूळ बोल्टपेक्षा लांब ८.८ ग्रेडचा बोल्ट घालून ते बसवता येतात. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात हे काम दुपारपर्यंत होतं. ठोकळ्याची टोकं घासून गोल करायला सांगा आणि जस्ताचा मुलामा द्या, नाहीतर एका पावसाळ्यात गंजून बोल्टसकट एकजीव होतात.

खालचा थांबा म्हणजे नायलॉनचा विणलेला लिमिट स्ट्रॅप, चासी आणि एक्सलच्या मध्ये. तो वजनानं थोडा ताणला जातो, म्हणून हिशेबापेक्षा आखूड घ्यावा लागतो. शॉकअप पूर्ण उघडायला २० मि.मी. बाकी असताना पट्टा घट्ट झाला पाहिजे. पुढच्या एक्सलवर मधोमध एक पट्टा लावला तर सरळ ड्रूप थांबतो आणि तिरकेपणा मोकळा राहतो. पण मग तिरक्या स्थितीत एकाच बाजूचा शॉकअप टोकाला जातो का, ते पुन्हा तपासा.

शॉकअप एक्सलच्या मध्यापासून किती अंतरावर आहे यानं तिरक्या ट्रॅव्हलचा हिशेब बदलतो. जिम्नीत चाक मध्यापासून साधारण ७०० मि.मी. वर आहे. शॉकअप ४५० वर असेल तर तिरक्या हालचालीत २०० मि.मी. च्या स्ट्रोकमधून चाकाला ३११ मि.मी. मिळतात. म्हणून सलग एक्सलच्या गाडीत स्ट्रोकमध्ये थोडीशी भरही कच्च्या वाटेवर चांगलीच जाणवते.

डॅम्पिंग (शॉकअपचा हालचाल आवरण्याचा जोर) स्प्रिंगला जुळणारं घ्या. मऊ स्प्रिंगवर कडक रीबाउंडचा, म्हणजे उघडताना जास्त अडवणारा, शॉकअप बसवला तर सलग खड्ड्यांत तो परत उघडायला वेळच घेत राहतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर आदळते. एकाच विक्रेत्याकडून स्प्रिंग आणि शॉकअपची जुळलेली जोडी घेणं नवख्यासाठी सगळ्यात सुरक्षित. महागडे रिझर्व्हॉयरवाले शॉकअप वाळवंटात तासन्‌तास वेगानं जाताना तेल थंड ठेवायला असतात. ताम्हिणीच्या वाटेवर त्यांचा उपयोग फार थोडा.

स्टिअरिंगची भूमिती

उंची वाढली की रेडियस आर्म खाली झुकतो आणि त्याच्यासोबत एक्सल फिरतो, कास्टर कमी होतो. किती, ते काढायला उंचीला आर्मच्या लांबीनं भागा आणि ५७ नं गुणा. आर्म ७०० मि.मी. धरला तर ५० मि.मी. उचलीमागं चार अंश गेले. कास्टर गेला की स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही, ८० च्या वेगाला गाडी रस्त्यावर भटकते. त्यासाठी एक्सलच्या बाजूला भोक मध्यापासून सरकवलेले कास्टर बुश मिळतात, किंवा कोन सुधारलेले तयार आर्म. मूळ आर्म भट्टीत तापवून वाकवून देणारे कारागीर भेटतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. तापवलेल्या भागातलं पोलाद कमजोर होतं आणि तो आर्म तुटला तर एक्सल जागेवर राहत नाही.

पॅनहार्ड रॉड एक्सलला बाजूला ओढतो. ९०० मि.मी. चा रॉड मूळात १०० मि.मी. तिरका असेल आणि आणखी ५० नं उतरला तर एक्सल साधारण ७ मि.मी. सरकतो. लांबी जुळवता येणारा पॅनहार्ड लावून तो परत मध्यावर आणायचा. महत्त्वाचं हे की पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत. एकाचंच टोक खाली घेतलं तर दोघांचे वर्तुळाकार मार्ग वेगळे होतात आणि खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःहून वळतं. काम झाल्यावर स्टिअरिंग व्हील वाकडं दिसलं तर ते काढून सरळ बसवू नका. ड्रॅग लिंकची लांबी जुळवून सरळ करा आणि मग स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरवर शून्य करून घ्या. हे राहिलं तर ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) गाडी वळते आहे असं समजून सरळ रस्त्यावर एकेका चाकाला ब्रेक लावू शकते.

सलग एक्सलच्या गाड्यांत ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरून स्टिअरिंग हातातून सुटेल असं हलणं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. उपाय म्हणून लोक लगेच मोठा स्टिअरिंग डॅम्पर लावतात. त्यानं लक्षण दबतं, कारण तसंच राहतं. आधी टायरचा बॅलन्स, मग पॅनहार्डचे बोल्ट आणि बुश, मग किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बेअरिंग, मग टाय रॉडची (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांडीची) टोकं, शेवटी कास्टर, या क्रमानं तपासा.

जोडणी

ब्रेकचे होस मोजमापात कमी पडले असतील तर प्रमाणित लांब होस घ्या, आणि होस बदलल्यावर ब्रेकमधली हवा नीट काढा. जुना होस ओढून कुठंतरी क्लिपमधून सोडवणं हा उपाय नाही. एबीएसची वायर आणि श्वासनळी झोल ठेवून बांधा. जुनी गाडी असेल आणि मागच्या एक्सलला जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असेल, तर उंची वाढल्यावर त्याला गाडी रिकामी आहे असं वाटतं आणि मागचे ब्रेक कमी लागतात. त्याची दांडी जुळवून घ्यावी लागते.

रबरी बुश असलेले सगळे बोल्ट आधी फक्त हातानं लावा. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, पुढं-मागं चार वेळा हलवून बसू द्या आणि मग टॉर्क पान्यानं वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. गाडी लोंबत असताना आवळलेला बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. घाईच्या गॅरेजमध्ये ही पायरी हमखास गाळली जाते, म्हणून तिथं उभं राहून करून घ्या. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा नट) एकदा काढला की नवा. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ मारा, फिरला तर लगेच दिसतो.

टायर मूळ १९५/८० आर १५ चेच ठेवले तरी चालतात. २१५/७५ आर १५ नं व्यास १० मि.मी. नं वाढतो, स्पीडोमीटरला फारसा फरक पडत नाही. २३५/७५ नं व्यास जवळपास सहा टक्के वाढतो, काटा ८० दाखवताना गाडी ८५ च्या जवळ असते, आणि पूर्ण बंपमध्ये घासण्याची शक्यता वाढते. लहान इंजिनाच्या रोजच्या गाडीला मी मोठे टायर सुचवणार नाही. हेडलाइट मात्र त्याच दिवशी खाली लावून घ्या. समोरच्याचे डोळे दिपवणारी उंच गाडी रात्रीच्या घाटात धोकाच असतो.

चालवून बघणं

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, ३०, ५०, ७० अशा टप्प्यांनी. सरळ रस्त्यावर हात हलका ठेवून गाडी कुठं ओढते ते बघा, वळून स्टिअरिंग आपणहून परत येतं का ते बघा, जोरात ब्रेक मारून बघा. मग अलाइनमेंट. त्या छापील कागदावर कास्टर मूळच्या जवळ आला नसेल तर पुढं जाऊ नका. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला आहे, म्हणून द्रुतगती मार्गावर अचानक लेन बदलण्याची सवय सोडायची. १०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा, ५०० नंतर पुन्हा. नव्या स्प्रिंगही या काळात थोड्या बसतात, त्यामुळं फेंडरचं अंतर परत मोजून वहीत लिहा.

ट्रॅव्हल किती वापरला जातो हे कळायला महागडं उपकरण लागत नाही. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर, सीलला टेकून, एक बारीक केबल टाय बांधा. जादा शेपूट कापून टाका. नेहमीच्या कच्च्या वाटेवर जाऊन या आणि गाडी सपाटीवर उभी करून बघा. शॉकअप दबताना त्याच्या नळकांड्यानं टायला ढकलत नेलेलं असतं आणि तो जिथं थांबला तिथपर्यंत चाक वर गेलं होतं. टाय दांड्याच्या टोकाला चेपला गेला असेल तर शॉकअप आतून आपटतो आहे, बंप स्टॉपखाली आणखी १० मि.मी. भरा. टाय टोकापासून ५०-६० मि.मी. दूरच राहत असेल आणि वाट खरंच खडतर होती, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे किंवा बंप स्टॉप फार लवकर लागतो आहे. चारही कोपऱ्यांचे आकडे लिहा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच वाटेवर परत जा.

पावसाळा संपला की गाडी पुन्हा घोड्यांवर घ्या. लिमिट स्ट्रॅपच्या कडा कुरतडल्या असतील तर नवा लावा, चिखलानं त्याचं विणकाम आतून झिजतं. कोकणात गेला असाल तर बंप स्टॉपचे ठोकळे आणि स्प्रिंगच्या बैठका घासून गंज काढा, शाफ्टच्या क्रॉसला आणि सरकत्या भागाला ग्रीस मारा, पॅनहार्डच्या बुशमध्ये सळई घालून खेळ तपासा आणि पुढच्या नकलच्या (एक्सलच्या टोकाच्या, चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) सीलमधून ग्रीस बाहेर येतं का ते बघा. तिथं ग्रीससोबत पाणी आलेलं दिसलं तर किंगपिनचे बेअरिंग उघडून बघितल्याशिवाय गाडी महामार्गावर नेऊ नका.